हंड्यात उरलेलं पाणी

९ जानेवारी

लाडक्या आत्या,

फोनवर तू ओरडतेस आणि मी घाईत असते, मग आपलं भांडणच होतं. तेव्हा पत्रच बरं. शिवाय आजची गोष्ट फोनवर मावणारी नाही.

तू नेहमी विचारतेस, एवढी वर्षं शिकून प्रयोगशाळेत दिवसभर करतेस तरी काय? तर ऐक. मीही तुझ्यासारखी रंगारीणच आहे. तू सुताच्या लडी रंगवतेस, माझ्याकडे साखर रंगवलेली असते. ही रक्तातली साखर बरं का, ग्लुकोज. तिच्या प्रत्येक कणाला एक चमकणारं शेपूट जोडलेलं असतं. उजेडात ठेवली तर शेपटाची चमक मरते, म्हणून काळ्या कागदात गुंडाळून जपावी लागते.

आम्ही प्लास्टिकच्या ताटल्यांत स्नायूंच्या पेशी वाढवतो. त्यांना आधी दोन तास उपाशी ठेवायचं. मग ही शेपटीवाली साखर अर्धा तास वाढायची. मग बर्फगार पाण्याने तीनदा धुवायचं, म्हणजे बाहेर सांडलेली साखर निघून जाते. मग अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून निळा उजेड पाडायचा. जिने साखर खाल्ली ती पेशी हिरवी चमकते, जिने नाही खाल्ली ती काळीच राहते. साखरचोर पकडायची ही युक्ती तुझ्या घरात असती तर मला 'मुंगी' हे नाव दोन वर्षं आधीच पडलं असतं.

आता मुद्दा. तुझ्यासारख्यांचं दुखणं काय, तर रक्तात साखर भरपूर, पण पेशींची दारं उघडत नाहीत. इन्सुलिन ती उघडतं, हे जगाला ठाऊक आहे. आम्ही शोधतोय ते असं काहीतरी, जे तोंडाने घेता येईल आणि सुईशिवाय दार उघडेल. दोन वर्षं झाली, झाडांच्या साली-मुळांतून काढलेले अर्क थेंब थेंब घालून बघतोय. सोळा थेंब वाया गेले. परवा सतरावा घातला. आत्या, अख्खी ताटली हिरवीगार! शेजारी तुलनेसाठी इन्सुलिनची ताटली होती, ती त्याच्यापुढे चक्क फिकी. आमचे सर खुर्चीवरून उठून दोनदा बघून गेले. दोन वर्षांत सरांना खुर्चीवरून उठलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

तुझ्या भाषेत सांगायचं तर रंग धरला, आत्या! सतराव्या थेंबाने रंग धरला!

एप्रिलअखेर मोठी परिषद आहे, तिथे सर हे मांडणार आहेत आणि त्यात पहिलं नाव माझं असणार आहे. माझा प्रबंधही मग यंदाच उरकेल. आतोबांना सांग. गोळ्या वेळेवर घेतेस ना?

तुझीच मुंगी


२१ जानेवारी

मुंगे,

आशीर्वाद पोटभर. तुझं पत्र आधी आतोबांनी वाचलं, मग मी वाचलं, मग रंगखान्यातल्या सगळ्या बायकांना ऐकवलं. शेपटीची साखर ऐकून त्या दिवसभर हसत होत्या. एकीने विचारलं, पोरगी बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे, शिकलेली आहे.

'रंग धरला' वाचून माझा जीव भांड्यात पडला. आपल्या घरात हा शब्द कोणी उगाच तोंडातून काढत नाही, हे तुला मी नव्याने सांगायला नको. मी हंड्यापाशी उभी राहून 'रंग धरला' म्हटलं की आतोबा गठ्ठा बांधायला सुतळी शोधतात. म्हणजे काम झालं, आता माल गिऱ्हाइकाच्या हाती. तू तो शब्द लिहिलास म्हणजे माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला.

माझी साखर आहे तशीच आहे, लबाड. गोळ्या आता पुरत नाहीत म्हणे. डॉक्टर नवा आहे, तरणाबांड आहे, त्याला लोकांना सुया टोचायची भारी हौस. मी त्याला तोंडावर सांगितलं, चार महिने कळ काढा, आमच्या घरचंच औषध येतंय, आणि ते सुईपेक्षा सरस आहे. तो हसला. हसू दे. पायाला चप्पल लागून जरासं खरचटलंय, त्याचाही त्याने बाऊ केलाय.

एक राहिलं. उरलेलं पाणी कसं निघालं? ते तू लिहिलंच नाहीस.

आत्या


५ फेब्रुवारी

आत्या,

घरचं औषध! तुझ्या त्या डॉक्टरची मला कीव येते. त्याला माझ्यातर्फे थोडी बिस्किटं दे, म्हणजे तू चोरून मागवतेस आणि पथ्याला चालत नाहीत तीच.

उरलेलं पाणी? ते आम्ही ओतून देतो. आत्या, अगं हे सूत नव्हे. आमचं सगळं लक्ष पेशीवर असतं, ती चमकली की काम झालं. जगभर असंच करतात. सरांनी हिरव्या ताटल्यांचे फोटो मोठे करून भिंतीवर लावलेत, येणारा-जाणारा थांबून बघतो. आता मी परिषदेसाठी तेच तेच प्रयोग पुन्हा करतेय. प्रत्येक वेळी हिरवंगार. फक्त कडेला काही पेशी मेलेल्या असतात, त्याही हिरव्या दिसतात. तसं होतं कधी कधी.

तुला रंगाचं वेड म्हणून सांगते, नुसता हिरवा नाही. कोवळ्या पानावर ऊन पडल्यावर दिसतो ना, तसा. तुझ्या छटांच्या कार्डावर तो नाही, मी आठवून बघितलं.

खरचटलेलं बरं झालं असेलच.

मुंगी


१७ फेब्रुवारी

मुंगे,

मेलेली पेशी साखर खाते? मेलेला माणूस ताटावर बसून जेवायला लागला तर त्याला भूक लागली असं आपण म्हणत नाही, आपण पळत सुटतो. आणि तू लिहितेस, तसं होतं कधी कधी!

आणि पाणी न बघता ओतून देतेस? माझ्या हाताखाली वाढलेली पोर! कोणाला सांगायची सोय नाही.

आता नीट ऐक, म्हणजे तू ऐकलेली नाहीस अशी ही गोष्ट आहे, कारण मी ती कोणाला सांगत नाही. लग्न होऊन मी या रंगखान्यात आले त्या वर्षी सासूबाईंनी मला किरमिजी रंगाचा हंडा एकटीला दिला. लडी वर काढली तर काय तिचा थाट! रसरशीत, डोळा ठरेना. मी अख्खा रंगखाना ऐकेल अशी ओरडले, रंग धरला! सासूबाई आल्या. लडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पांढऱ्या बशीत हंड्यातलं चमचाभर पाणी घेतलं आणि खिडकीपाशी उजेडाला धरलं. पाणी लालभडक, जसंच्या तसं. म्हणाल्या, "सूनबाई, रंग सगळा इथेच आहे. लडीने नुसता अंगाला फासून घेतलाय." वाळल्यावर त्या लडी अशा काही फिकट पडल्या की मला लपायला जागा पुरेना. रंग सुतात बसवायचं मीठ कमी पडलं होतं, माझीच चूक.

तेव्हापासून मी लडीला काही विचारत नाही, पाण्याला विचारते. ओली लडी नेहमी गडद दिसते, ती खोटं बोलते. रंग खरंच सुतात गेला असेल तर पाणी उतरलेलं दिसतं. पाण्याला खोटं बोलून काय मिळणार आहे?

तेव्हा ओतण्याआधी बघ. काही निघणार नाही, माझी खात्री आहे, पण बघ. माझ्या समाधानासाठी.

बसून लिहितेय, पाय स्टुलावर ठेवलाय, म्हणून पत्र लांबलं. हंड्यापाशी सध्या आतोबाच उभे असतात आणि गुलाबीचं काय करून ठेवतात ते लिहिण्यासारखं नाही. मी चार महिने म्हटलं होतं, पण त्याआधी पाठवता आलं तर बघ. जरा लवकर आलं तर बरं पडेल.

आत्या


१ मार्च

मुंगीस, आतोबांकडून.

मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. मी गठ्ठ्यांवर नावं लिहितो. म्हणून हे छटांच्या जुन्या कार्डामागे थोडक्यात.

तुझी आत्या सुई घेत नाही. डॉक्टरने जानेवारीतच इन्सुलिन लिहून दिलं, मी आणलं, ते फ्रीजच्या दारात पडून आहे. खरचटलं वगैरे काही नाही. उजव्या पायाची करंगळी काळी पडली आहे आणि जखम वर सरकते आहे. डॉक्टर परवा मला बाजूला घेऊन म्हणाला, साखर खाली आली नाही तर ही जखम भरणार नाही, मग पाय जाईल.

मी भांडलो. ती म्हणते, पोरीने रंग धरला असं लिहिलंय, आपल्या घरात हा शब्द खोटा निघत नाही, आता थोडे दिवस तर थांबायचं. तुझं पत्र तिने उशीखाली ठेवलंय.

मला एवढंच विचारायचं आहे. औषध किती दिवसांत येईल? आठवड्यात येणार असेल तर मी गप्प बसतो. नसेल तर तूच तिला सांग. माझं तिने पस्तीस वर्षांत ऐकलेलं नाही, आता पाय दुखताना काय ऐकणार.

मी लिहिलं हे तिला सांगू नकोस.

आतोबा


८ मार्च

आत्या,

सकाळपासून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू 'ऐकू येत नाही' म्हणून ठेवून दिलास. तुला नको ते ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र घाईच्या डाकेने पाठवतेय, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. बसून वाच. मला कसं कळलं ते विचारू नकोस.

तुझं किरमिजी हंड्याचं पत्र आलं तेव्हा मी चिडले होते. पांढरी बशी घेऊन मला शिकवायला निघाली, असं वाटलं. मग तुला खोटं पाडायचं म्हणून मी पाणी तपासलं. शेपटीची साखर बाजूला ठेवली, ताटल्यांत साधी साखर घातली, चोवीस तास ठेवलं आणि पेशी ज्या पाण्यात असतात त्यात किती साखर उरली ते मोजलं. एका ताटलीत काहीच औषध नव्हतं, एकीत इन्सुलिन, एकीत आमचा सतरावा थेंब.

सतराव्या थेंबाच्या ताटलीत उरलेली साखर आणि काहीच न घातलेल्या ताटलीत उरलेली साखर अगदी सारखी निघाली. कणभरही फरक नाही. मी तीन वेळा केलं. आत्या, त्या पेशींनी जास्तीची साखर खाल्लेलीच नाही.

मग त्या हिरव्या का दिसत होत्या? ते शोधायला मी शेपटीच्या साखरेबरोबर साधी साखर भरपूर घातली. दोघी एकाच दारातून जात असत्या तर दारात गर्दी झाली असती, शेपटीवाली मागे राहिली असती आणि हिरवा रंग उतरला असता. उतरला नाही. म्हणजे ती साखरेच्या दारातून जातच नव्हती. त्या थेंबाने पेशीची भिंतच सैल केली होती आणि शेपूट भिंतीला चिकटून आत झिरपत होतं. म्हणून तर मेलेल्याही चमकत होत्या. तू हसत हसत विचारलेलं बरोबर होतं आणि मी ते दोन महिने बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

आता माझी खरी लाज ऐक. हे मला आठ दिवस माहीत आहे. मी कोणाला सांगितलं नाही. सरांना नाही, तुला नाही. भिंतीवरच्या फोटोंसमोरून रोज ये-जा केली. वाटलं, परिषद होऊन जाऊ दे, मग बघू.

आणि त्याहून मोठी चूक म्हणजे मी तो शब्द लिहिला. माझ्या हातात कुठे लडी होती गं? मी नुसती मिरवत होते. तो थेंब खरा असता तरी माणसाच्या पोटात जायला दहा-बारा वर्षं लागली असती. ताटली, मग उंदीर, मग आजारी माणसं, मग परवानग्या. हे मला पक्कं ठाऊक होतं. तू चार महिने लिहिलंस तेव्हा मी हसले. तू हसत नव्हतीस हे मला कळायला हवं होतं.

पण एक गोष्ट तू दोनदा वाच. माझ्या सगळ्या ताटल्यांत एकाच ताटलीचं पाणी खरोखर उतरलं होतं, इन्सुलिनच्या. जिला मी फिकी म्हटलं तिच्या. दिसायला साधी, आणि साखर मात्र आत नेत होती, तिन्ही वेळा. तुझ्या परीक्षेत पास झालेलं माझ्याकडचं एकच औषध आहे आणि ते तुझ्या फ्रीजच्या दारात पडून आहे.

मी तुझ्या पाया पडून सांगितलं असतं, पण त्यासाठी पाय जागेवर हवा. आजच सुई घे. आजच डॉक्टरला पाय दाखव. परवापर्यंत घेतली नाहीस तर मी सगळं टाकून तिथे येईन आणि माझ्या हाताने टोचीन. माझा हात ताटल्यांना सरावलेला आहे, माणसांना नाही, हे लक्षात ठेव.

मुंगी


९ मार्च

मुंगे,

पत्र सकाळी मिळालं. दुपारपर्यंत तेच पुन्हा पुन्हा वाचलं. आतोबांशी अजून बोलत नाही. कसं कळलं ते विचारू नकोस म्हणे! या घरात मी सोडून लिहिता येणारं दुसरं माणूस कोण आहे?

मी रागावलेय. तुझ्या शब्दावर मी त्या डॉक्टरला नाही नाही ते बोलून बसले. रंगखान्यातल्या बायकांना मी बातमी दिली होती. त्यातल्या एकीच्या आईलाही हाच आजार आहे, ती रोज विचारायची, आलं का गं भाचीचं? तिला आज मी सांगितलं, नाही आलं, आणि तुझ्या आईची सुई चुकवू नकोस. सांगताना मान वर करवली नाही.

आणि मी घाबरलेही होते. आता लिहिते, नाहीतर राहून जाईल. माझ्या आईची, म्हणजे तुझ्या आजीची, सुई सुरू झाली आणि वर्षात ती गेली. माझ्या डोक्यात सुई म्हणजे शेवट असं बसलं होतं. तुझं पत्र आलं आणि मला पळवाट सापडली, मी ती धरली. सगळा दोष तुझ्या शब्दाचा नाही.

संध्याकाळी सुई घेतली. पोटावर टोचतात. मला काही झालं नाही. आतोबा मटकन खाली बसले, त्यांना पाणी द्यावं लागलं. उद्या डॉक्टरकडे जाते.

तू तुझ्या सरांना सांगितलंस का? सांगितलं नसशील तर सांगेपर्यंत मला पत्र लिहू नकोस.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

सांगितलं. म्हणून लिहितेय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वही घेऊन सरांच्या खोलीत गेले. ते खुर्चीवरच बसून होते. सगळे आकडे त्यांनी दोनदा बघितले, चष्मा पुसला, मग पुन्हा बघितले. मला वाटलं आता ओरडतील, पण त्यांनी वही मिटून माझ्यापुढे सरकवली. मग विचारलं, "कधी कळलं?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "हे गेलेले दिवस तू मला परत देऊ शकत नाहीस. यापुढे पहिल्या दिवशी यायचं." मग भिंतीवरचे फोटो त्यांनी स्वतः काढले. परिषदेला कळवलं की सतरावा थेंब मागे घेतोय. माझा प्रबंध एक वर्ष लांबला. आईला अजून सांगितलेलं नाही. तूही तुझ्या वहिनीला सांगू नकोस, मीच सांगेन.

निघताना त्यांनी विचारलं, "पाणी मोजायची बुद्धी कुठून झाली?" मी म्हटलं, माझी आत्या सूत रंगवते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चेष्टाच करतेय. मग म्हणाले, "वाया गेलेल्या सोळा थेंबांचं पाणी बघितलं होतं का आपण?"

नव्हतं बघितलं. चमकले नाहीत म्हणून टाकून दिले होते. शेपटाचं ओझं असलेली साखर ज्या दारातून जाऊ शकत नाही, त्यातून साधी साखर जात असेल, हे कोणाच्या मनातच आलं नाही. गेले वीस दिवस मी तेच करतेय, एकेक जुना थेंब काढून पाणी मोजतेय. बहुतेक खरंच वाया गेलेले आहेत. पण सहाव्याचं पाणी थोडं उतरलं, आत्या. ताटली काळीठिक्कर आणि पाणी मात्र उतरलेलं. इन्सुलिनच्या पावपटही नाही, पण चार वेळा केलं आणि चारही वेळा उतरलं. सर खुर्चीवरून उठले. मी मात्र तो शब्द लिहीत नाही.

आता तुझं. सव्वातीन आठवडे तुझी ओळ नाही; लिहायची पाळी माझी होती, ती मी पाणी मोजण्यात घालवली. आतोबा फोनवर 'ठीक आहे' एवढंच म्हणतात, आणि त्यांचं 'ठीक आहे' कोणत्याही गोष्टीला चालतं. मला झोप लागत नाही. रागावलेलीच असलीस तरी चालेल, फक्त लिही.

मुंगी


१९ एप्रिल

मुंगे,

आतोबांचं 'ठीक आहे' या वेळी जवळजवळ खरं होतं.

मी दवाखान्यात होते. आठवड्यापूर्वी घरी आले. करंगळी काढावी लागली, ती वाचण्यासारखी नव्हती. पाय राहिला. डॉक्टरने काल पट्टी सोडून मला दाखवलं, कडेकडेने नवी कातडी आलीय, चांगली निरोगी. मी विचारलं, मी तुमचं ऐकलं नसतं तर? त्याने हाताने माझ्या गुडघ्याखाली एक रेघ दाखवली. "आणखी दोन आठवडे, फार तर," म्हणाला.

मी त्याची माफी मागितली. चारचौघांत, मोठ्याने, कारण बोलले होते तेही मोठ्याने. तो लाजला बिचारा. मग मी त्याला सांगितलं, तुमच्या औषधाचं पाणी आमच्या पोरीने तीन वेळा तपासलंय, उगाच घेत नाही मी. तो म्हणाला, अशी पेशंट मला आधी मिळाली नव्हती. यात कौतुक किती आणि दुसरं काय किती, ते मी विचारलं नाही.

साखर उतरलीय. सकाळ-संध्याकाळ मीच टोचून घेते, आतोबा तेवढ्यापुरते अंगणात जाऊन उभे राहतात. त्यांच्याशी बोलायला लागलेय. त्यांनी ते कार्ड लिहिलं नसतं तर मी आज एका पायावर उभी राहून त्यांना शिव्या देत असते. चालताना तोल जरा डावीकडे जातो, पण हंड्यापाशी एक तास उभी राहू शकते. पहिल्याच दिवशी त्यांनी बिघडवलेलं सगळं गुलाबी सूत पुन्हा रंगवायला काढलं.

तुझं वर्ष गेलं याचं मला वाईट वाटलं. रडूही आलं. पण तू सरांच्या खोलीत वही घेऊन गेलीस, हे वाचून मी ते पत्र रंगखान्यात पुन्हा सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्या बाईची आई आजारी आहे तिने विचारलं, मग सहाव्याचं औषध कधी येणार? मी तिला म्हटलं, बारा वर्षं लागतील, तोवर सुई.

बारा वर्षांनी मी चौऱ्याहत्तर वर्षांची असेन. फेब्रुवारीत मला चार महिनेही जास्त वाटायला लागले होते, कारण आतून मला ठाऊक होतं की माझ्याकडे तेवढेही नाहीत. आता आहेत. तेव्हा सहावा थेंब सावकाश तपास. तो नाही निघाला तर सातवा, नाहीतर सत्तरावा. मला खूश करायला काही लिहू नकोस, आणि कोणी घाई केली तर माझं नाव सांग.

मी आहे.

तुझी आत्या